जोखाईचे खेळाडू आपले धुणे आपण का धुतात

इकडे सावलीत या, आणि आधी हे दगड नीट बघून घ्या, कारण तुम्ही मंडळी पुण्याहून एवढ्या लांब आलात ती ह्यांच्यासाठीच. वर काचेचा सज्जा, त्याखाली खेळाडूंच्या खोल्या, आणि खोल्यांच्या दाराशी ओळीनं मांडलेले हे अकरा काळे दगड. प्रत्येकाच्या डोक्यावर एक नळ. घरच्या मैदानावरचा सामना संपला की जिंकलेले असोत नाहीतर हरलेले, जोखाई फुटबॉल क्लबचे खेळाडू इथं येऊन उकिडवे बसतात आणि आपला शर्ट, आपली चड्डी, आपले मोजे आपल्या हातानं धुतात. मग तो इथला वरच्या पेठेतला पोरगा असो की घानाहून करार करून आणलेला असो. लोक कठड्याशी रेटारेटी करून मोबाइलवर ते टिपतात. धुणं धुणाऱ्या बायका ह्या रायवडीत रोज दिसतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

ह्या धुण्याला क्लबवाले विनम्रता म्हणतात. तुमच्या व्यवस्थापनाच्या कॉलेजात ह्या विनम्रतेवर एक धडा लावलाय असं तुमच्या सरांनी मघाशी मोठ्या कौतुकानं सांगितलं. लावा बापडे. क्लबनं तुम्हाला आत तो माहितीपटही दाखवला असेल. त्यात तालमीचे रावजी वस्ताद पांढरा फेटा बांधून मावळतीच्या उन्हात येतात, एका म्हाताऱ्या परटिणीच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवतात आणि म्हणतात, "माउली, आजपासून आमचं धुणं आम्ही धुणार." मागं सनई. बाई डोळ्याला पदर लावते. तो बघताना एखाद्या सिनेमाला लाल कार्ड दाखवावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

हो, मी पंच होतो. ह्या भागात हयातभर शिट्टी वाजवली. वरच्या पेठेनं मला खालच्या पेठेचा म्हटलं, खालच्या पेठेनं वरच्या पेठेचा म्हटलं, आणि दोघांनी मिळून एकदा माझी सायकल विहिरीत टाकली. तेवढ्यापुरती त्यांची एकी झाली. त्यामुळे मला कुणाचं गोड बोलायचं कारण उरलेलं नाही. आता सांगतो ते मी काही डोळ्यांनी बघितलेलं नाही, माझ्या आज्यानंही बघितलं नसेल. खालच्या पेठेत जसं सांगतात तसं सांगतो. वरच्या पेठेत कसं सांगतात ते तुम्ही एसीत बसून ऐकलंच आहे.

ह्या मैदानाला आता सिमेंट कंपनीचं नाव दिलंय. पूर्वी ह्याला परटाचा माळ म्हणत. रायवडी म्हणजे डोंगराच्या कुशीतलं एवढंसं संस्थान. जिकडे बघाल तिकडे चढ आणि उतार, सपाट जागा म्हणून काय ती ही एकच. नदीकाठी परटांची सात घरं होती. घाटावर धुवायचं, भट्टीतून काढायचं, गाढवावर लादून इथं आणायचं आणि दोरांवर वाळत घालायचं, असा त्यांचा पिढ्यांचा रिवाज. माळाची उगवतीकडची कड जरा उंच आहे, ह्या गोलच्या मागची, आपण उभे आहोत तीच, इथं वारा अडत नाही. पावसाळ्यात सगळ्या गावाचं धुणं कुबट वास मारायचं, पण त्या कडेला वाळलेलं कापड कडकडीत निघायचं. सात घरांची भाकरी त्या वाऱ्यावर होती असं म्हणायला हरकत नाही.

त्या घरांची कारभारीण होती तुळसा परटीण. नवरा पटकीच्या साथीत गेला, तेव्हापासून कुणाचं धुणं कुणी घ्यायचं, बलुतं कसं वाटायचं, सगळं तिच्या शब्दावर चाले. बाई कमी बोलायची म्हणतात. माहितीपटात ती रडते तेवढी ती उभ्या जन्मात रडली नसावी.

आता वरच्या पेठेकडे वळू. तिथं जोखाई देवीच्या नावानं चालणारी जोखाई तालीम. रावजी मगदूम तिचे वस्ताद. अंगानं दांडगे, मिशीला पीळ, आणि आपण चालतो तेव्हा जमीन हलते अशी पक्की समजूत. संस्थानचे सरकार तालमीला खुराक देत होते, दूध, तूप, बदाम, त्यामुळे जमीन खरोखरच थोडी हलतही असेल. पण सरकार विलायतेला जाऊन आले ते फुटबॉलचा नाद घेऊन. संस्थानिकाच्या नादाला औषध नसतं. त्याआधी त्यांना चित्ते पाळायचा नाद होता, त्यात गावातली निम्मी शेरडं संपली. आता त्यांनी कुस्तीचा खुराक बंद केला आणि दवंडी पिटवली, की दसऱ्याला पलटणीतल्या गोऱ्या शिपायांशी फुटबॉलचा सामना होईल. जी तालीम गोऱ्यांना हरवील तिला खुराक पुन्हा चालू, शिवाय संस्थानात मागेल ती जागा खेळायला मिळेल.

दूध बंद झाल्यावर रावजी वस्तादांना फुटबॉल एकाएकी फार आवडू लागला. देशी बाण्याचे जे लेख तुम्ही वाचले असतील, गोऱ्यांचा माज उतरवण्यासाठी पहिलवान मैदानात उतरले वगैरे, त्यातला बाणा हा असा बदामाचा होता.

खेळायला शिकायचं तर जागा हवी. वस्ताद पाच-सहा पहिलवान घेऊन माळावर आले. तुळसा दोर सोडवत होती.

"खेळा की," ती म्हणाली. "आमचं कापड वाळलं की सांजचा माळ रिकामाच असतुया. दोर मी माज्या हातानं सोडीन. पर वस्ताद, जितलासा तर सरकाराकडं जागा कंची मागणार?"

वस्ताद मिशीवरून हात फिरवत राहिले.

"ह्योच माळ मागणार. दुसरा सपाट तुकडा हाय कुठं?" तुळसा म्हणाली. "मागा, माजं न्हाई म्हननं न्हाई. पर उगवतीची कड तेवढी सोडा. आमचे दोर ऱ्हातील एवढीच पट्टी. तेवढी गेली तर सात घरांनी खायाचं काय?"

"सोडली," वस्ताद म्हणाले.

"असं न्हवं. हौद्याच्या मातीवर सांगा."

तुमच्यापैकी कुणी तालीम आतून बघितली नसेल, म्हणून सांगतो. हौदा म्हणजे कुस्तीचा खड्डा. त्यातली तांबडी माती म्हणजे साधी माती नव्हे. तिच्यात गेरूसारखी काव, तेल, ताक, हळद, लिंबू सगळं मुरवलेलं असतं, आणि पहिलवान तिला देवीइतकं मानतो. देवीच्या देवळात खोटं बोलणारे पहिलवान मी पाहिले आहेत, पण हौद्यात उभं राहून खोटं बोलणारा नाही पाहिला. बाईमाणसानं तालमीत जायचं नसतं, म्हणून तुळसा उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत वस्तादांनी मूठभर माती उचलून कपाळाला लावली आणि सगळ्या पहिलवानांदेखत सांगितलं, "जोखाईच्यान! माळ मिळाला तर उगवतीची पट्टी परटांची. शबुद मोडला तर ही माती आमच्या अंगावरनं कवा निघायची न्हाई."

तुळसेनं हात जोडले आणि ती घरी गेली. त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत रोज तिसऱ्या प्रहरानंतर ती आणि तिच्या जावा दोर सोडायच्या, ओलं राहिलेलं कापड परत गाढवावर घालायच्या आणि पहिलवानांना माळ मोकळा करून द्यायच्या. कापड नीट वाळत नसे, गिऱ्हाईकं बोल लावत, पण पट्टी राहणार ह्या भरवशावर त्यांनी ते सोसलं. जोखाई क्लबचं पहिलं मैदान, पहिला सराव, पहिला आश्रय जो काही म्हणायचा तो हा. संग्रहालयात ह्याचं एक चित्रही नाही.

दसऱ्याचा सामना पलटणीच्या कवायतीच्या मैदानावर झाला. सरकारांचा खाजगी कारभारीच पंच होता. ज्याचं मीठ खातो त्याच्या तोंडाकडे बघून शिट्टी वाजवायची नसते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. आमचे पहिलवान चेंडूमागं धावत नसत. चेंडू ज्याच्याकडे असेल त्याची कंबर धरत. मी असतो तर पहिल्या घटकेत निम्मी तालीम बाहेर काढली असती. तरीही बराच वेळ कुणाचा गोल होईना. शेवटी वस्तादांचा धाकटा भाऊ कसातरी चेंडू घेऊन गोलपर्यंत पोचला. गोरा गोली पुढं आला. ह्यानं चेंडू सोडला आणि गोलीला धरला. धोबीपछाड टाकली. गोली पाठीवर, पहिलवान त्याच्या छातीवर, आणि चेंडू आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं बघून आपला आपण घरंगळत दोन खांबांमधून गेला. पहिलवान उठला आणि सरकारांकडे बघून शड्डू ठोकू लागला, कारण कुस्ती चितपट झाली एवढंच त्याला कळलं होतं. गोल झाला हे त्याला नंतर समजावून सांगावं लागलं म्हणे.

कारभाऱ्यानं गोल दिला. जोखाईच्या इतिहासातला पहिला गोल तो हा. आत त्याचं मोठं तैलचित्र लावलंय, त्यात चेंडू सुबकपणे पायाला लागलेला दाखवलाय आणि गोऱ्या गोलीच्या चेहऱ्यावर भक्तिभाव आहे.

त्या एका गोलवर तालमीनं सामना जिंकला. सरकार खूश. भर मैदानात त्यांनी वस्तादांना पुढं बोलावलं आणि म्हणाले, "मागा."

"परटाचा माळ, सरकार."

"सगळा?"

गर्दीत तुळसा उभी होती. वस्तादांनी तिला बघितलं, हे वरच्या पेठेतले म्हातारेही नाकारत नाहीत. पण सरकार सामने बघायला येणार, त्यांना बसायला वाऱ्याची जागा लागणार, आणि माळावर वाऱ्याची जागा एकच होती. तिथं जरीचा शामियाना ठोकला तर सरकार रोज येतील, रोज आले तर खुराक वाढेल. पहिलवानाला इतका लांबचा विचार एरवी सुचत नाही. त्या वेळी मात्र सुचला.

"सगळा," वस्ताद म्हणाले.

तुळसेनं घराची वाट धरली. बोलून काय करणार? एका परटिणीनं सरकारांसमोर वस्तादाला खोटं पाडायचं, हे त्या काळी शक्य नव्हतं. आजही करून बघा म्हणजे कळेल.

इथवरची गोष्ट कुठल्याही गावात घडेल. पुढची मात्र तालमीवाल्यांनाच सुचावी अशी आहे.

शब्द मोडला खरा, पण वस्तादांना झोप लागेना. हौद्यात पाय टाकला की अंगाला घाम फुटायचा. मातीवर घेतलेली आण आहे, माती धरणार, ताकद जाणार, ह्या धास्तीनं धिप्पाड माणूस हौद्याच्या काठावरूनच शागिर्दांना डाव सांगू लागला. पट्टी परत देऊन टाकावी, म्हणजे प्रश्न मिटला, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळे पहिलवान विचाराला बसले. अक्कल गुडघ्यात असली तरी गुडघे पुष्कळ जमले होते. त्यातल्या एकानं तोड काढली. आण घेतली ती कशावर? हौद्यातल्या मातीवर. ती माती हौद्यात राहिलीच नाही तर आण बांधणार कुणाला?

टाळ्या पडल्या म्हणतात. दुसऱ्याच दिवशी अख्खा हौदा उपसायला घेतला. पाट्याच्या पाट्या तांबडी माती बाहेर आली. आता ती टाकायची कुठं? हौद्याची माती पवित्र, उकिरड्यावर टाकता येत नाही. नदीत सोडायची तर नदी खाली लांब, चढ-उतार कोण करणार? माळ जवळ होता. तिथं शामियान्यासाठी परटांचे दोराचे खांब नुकतेच उपटले होते आणि त्यांचे खड्डे तसेच आ वासून पडले होते, अगदी उगवतीच्या गोलच्या तोंडापर्यंत. ते बुजवायला माती हवीच होती.

तर शपथेची माती त्यांनी नेऊन टाकली त्याच पट्टीवर, त्याच खांबांच्या खड्ड्यांत. जी उरली ती गोलसमोर पसरून धुम्मसानं ठोकून बसवली. एका दगडात दोन पक्षी म्हणून वस्ताद निवांत झोपले. चोरानं चोरीचा माल मालकाच्याच दारात पुरावा आणि वर आपल्या हुशारीवर खूश व्हावं, तसली ही तऱ्हा.

पहिला पाऊस झाला, माळ हिरवा झाला, पण तेवढा भाग तांबडाच राहिला. काव आणि तेल मुरलेल्या मातीत गवत कसं येणार? खेळताना जो तिथं पडे त्याच्या पांढऱ्या कपड्यांना तांबडा डाग पडे. सरकारांनी तालमीला खेळायचे पांढरेशुभ्र पोशाख दिले होते. पहिलवानांनी ते गाठोडं बांधून रिवाजाप्रमाणे परटांच्या घाटावर पाठवलं. गाठोडं तसंच परत आलं. तुळसेनं निरोप दिला होता, "धुवून देऊ, पर वाळवायचं कुठं?"

दुसऱ्यांदा पाठवलं, तोच निरोप. बाकीच्या गावाचं धुणं ती सात घरं घेत होती, नदीकाठच्या खडकांवर कसंबसं वाळवत होती, पण जोखाई तालमीचा कपडा त्यांनी घेतला नाही. वस्ताद तणतणले, सरकारांकडे जातो म्हणाले. पण सरकारांनी कारण विचारलं तर सांगायचं काय? तेव्हा पहिलवान स्वतःच गुमान नदीवर गेले. मांडीएवढे दंड असलेले गडी उकिडवे बसून चड्ड्या घासतायत आणि पाणी भरायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसतायत, असा तो देखावा. विनम्रतेची परंपरा त्या दिवशी सुरू झाली. कितीही घासलं तरी डाग जाईना. तेलात मुरलेली काव कापडात बसली की निघत नाही, त्याला देवी कशाला लागते? पण खालच्या पेठेत म्हणतात, माणसानं शब्द पाळला नाही म्हणून मातीनं पाळला.

वस्तादांना हे उमगायला त्यांच्या लेकीचं लग्न यावं लागलं. आमच्याकडे नवरदेवाला वेशीवरून आणताना परीट पायघड्या घालतो. धुवट कापडाचे लांब पट्टे पुढं पुढं अंथरत जातो आणि वऱ्हाड त्यावरून चालतं. तो परटाचा मान, दुसऱ्या कुणी तो करायचा नसतो. वऱ्हाड वेशीवर येऊन उभं राहिलं. ताशा वाजतोय, व्याही फेटा सावरतोय, आणि पायघड्यांचा पत्ता नाही. शेवटी वस्ताद लग्नाच्या पोशाखात स्वतः घाटावर गेले.

"तुळसा, पोरीचं लगीन हाय. आमचं काय ते पुन्ना बघू."

"ती माजीबी लेकच हाय, वस्ताद," तुळसा म्हणाली. "पायघड्या सकाळीच धुतल्यात. ह्या बगा. पर वल्ल्या हाईत. वाळवायला जागा ऱ्हायली न्हाई. वल्ल्याच अंथरू का?"

ओल्या कापडावरून वऱ्हाड चालवणं अशुभ. त्या घडीला "पट्टी तुमची" एवढे दोन शब्द त्यांनी उच्चारले असते तर ही गोष्ट सांगायला मी इथं उभा नसतो. सात घरांच्या बायका हातातलं काम थांबवून त्या दोन शब्दांची वाट बघत होत्या असं सांगतात. पण तालमीचा वस्ताद परटिणीपुढं माघार घेतो, हे लोकांत कसं दिसेल? माणूस मागं फिरला.

पहिलवानांनी मग तालमीतून आपले खेळायचे शर्ट आणले आणि वेशीपासून मांडवापर्यंत एकापुढं एक अंथरले. पांढरे शर्ट, प्रत्येकावर तांबडा डाग. नवरदेवानं पाऊल उचललं आणि तसंच धरलं. व्याह्यानं वाकून बघितलं.

"वस्ताद, ह्यो डाग कशाचा?"

सगळं गाव तिथं होतं, आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं. ताशेवाला तेवढा गोंधळून आणखी जोरानं वाजवू लागला. वऱ्हाड शेवटी शर्ट चुकवत कडेकडेनं धुळीतून चालत मांडवात गेलं. त्यानंतर रावजी वस्ताद हौद्यात उतरल्याचं कुणी पाहिलं नाही. नव्या मातीला कधी पकड आली नाही असंही सांगतात. जोखाईचा पहिलवान कुस्तीच्या कुठल्याही मैदानात गेला की हरून यायचा. कुस्ती बसली, म्हणून तालमीला फुटबॉलशिवाय दुसरं काही उरलं नाही. तुमचा हा नामांकित क्लब उभा राहिला तो असा.

आणि परटांचं काय झालं, हे माहितीपटात नाही म्हणून विचारताय. नदीच्या खडकांवर पावसाळ्यात काही वाळत नाही. दर वर्षी एकेक घर उठलं. कुणी इचलकरंजीला मागावर गेलं, कुणी मिरजेला रेल्वेच्या हमालीला. तुळसा इथंच वारली. शेवटपर्यंत ती माळाकडे जाणाऱ्या रस्त्यानं गेली नाही. तिचं एक घर तेवढं राहिलं.

पुढचं सगळं भिंतीवर लिहिलंय ते वाचा. संस्थान गेलं, सरकार गेले, शामियान्याच्या जागी दगडी चौथरा आला, चौथऱ्याच्या जागी पुढारी बसायची गॅलरी आली, आता हा काचेचा सज्जा आलाय. आत एसी आहे, वाऱ्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही. तालमीची कंपनी झाली, क्लब व्यावसायिक झाला, परदेशी प्रशिक्षक आला. तो आल्या आल्या म्हणाला, खेळाडूंचे कपडे लाँड्रीला का देत नाही? गावातली लाँड्री घेत नाही, हे त्याला कुणी सांगेना. तेव्हा वस्तादांचे पणतू, आताचे अध्यक्ष जयकरराव मगदूम, म्हणाले, "ही आमची परंपरा आहे, विनम्रतेची." प्रशिक्षकाचे डोळे भरून आले. त्याच्या भरलेल्या डोळ्यांत जयकररावांना धंदा दिसला. नदीवरचे दगड उचलून इथं मांडले, नळ बसवले. ती तांबडी माती बाटलीत भरून विकायला ठेवली, "आमच्या मुळांची माती" म्हणून. सामन्याआधी खेळाडू तीच कपाळाला लावतात. जिच्यापासून सुटायला पणजोबांनी हौदा उपसला, ती माती पणतू हौसेनं कपाळाला फासतो आणि वर पुरस्कार घेतो. ह्या माणसांना लाज नाही असं मी म्हणणार नाही. लाज कशाची वाटायला हवी हे त्यांना ठाऊक नाही, हे जास्त वाईट.

गेल्या साली क्लबचा मोठा उत्सव झाला. त्यात तुळसेच्या घराण्यातलं कुणीतरी व्यासपीठावर हवं होतं. तुळसेच्या घरातली मालन परीट, तिची एसटी स्टँडजवळ लाँड्री आहे. धुण्याची, वाळवण्याची, इस्त्रीची, सगळी यंत्रं आहेत. जयकरराव स्वतः गाडीतून उतरून तिच्या दुकानात गेले. त्या वेळी मी तिथं माझ्या कोटाला इस्त्री करून घेत होतो, म्हणून हे तेवढं माझ्या कानांनी ऐकलेलं.

"मालनताई, शाल, श्रीफळ, पैठणी, सगळं मानानं देऊ," ते म्हणाले. "तुम्ही फक्त वर यायचं आणि 'क्लबनं आमच्या पणजीचे कष्ट वाचवले' एवढं बोलायचं."

"बोलते की," मालन म्हणाली. "पैठणी नको, शाल नको. उगवतीच्या कडंला एक दोर बांधू द्या. एका दिवसापुरता. एक चादर वाळत घालते, वाळली की घडी करून घिऊन येते. मग म्हनशीला ते बोलते."

जयकरराव हसले. मग हसायचं थांबले. तिथं प्रायोजकांचे फलक आहेत म्हणाले, ते झाकले जातील. टीव्हीवाले हरकत घेतील. नियमात बसत नाही. एका दोराला आड येणारं एवढं काय काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. खरं कारण मालनला कळलं आणि मलाही. एक दोर बांधला की लोक विचारणार, हा इथं कशाला? मग एकेक करत सगळंच सांगावं लागणार.

"मग ऱ्हाऊ द्या," मालन म्हणाली, आणि तिनं माझा कोट पुढं ओढला.

उत्सवात मुंबईहून आणलेली एक नटी परटीण झाली. माहितीपटात रडणारी ती हीच. तिला शाल दिली, पैठणीही दिली. त्या उत्सवाची आठवण म्हणून क्लबनं नवा शर्ट काढला, पांढरा, आणि त्याच्या कुशीवर तो तांबडा डाग छापूनच टाकला. भरपूर खपतो. तुमच्यातल्याही तिघा-चौघांनी मघाशी घेतलेला दिसतोय, अंगात घातलाच आहे.

तर खेळाडू आपलं धुणं आपण का धुतात ते हे असं. उगवतीच्या गोलसमोर आजही गवत येत नाही, परदेशातून हिरवळ आणून लावली तीही तेवढ्या जागी करपली. आणि आजही मालनच्या लाँड्रीत सगळ्या गावाचे कपडे घेतात, पोलिसांचे, डॉक्टरांचे, आमदारांचे, फक्त जोखाईचा शर्ट घेत नाहीत. गाव मोठं झालं, नवी माणसं आली, त्यांना काही माहीत नसतं. ती हौसेनं हाच शर्ट घेऊन तिच्याकडे जातात. मालन भांडत नाही. पिशवीतून काढते, डाग बघते, घडी न मोडता परत पुढं सरकवते आणि सांगते, "घरी जाऊन तुमचं तुमीच धुवा. जोखाईची परंपरा हाय न्हवं?"